ट्रिगर हलका हवा की खात्रीचा? .२२ स्पर्धा पिस्तुलाच्या एका जुन्या प्रश्नाचा आढावा

.२२ च्या स्पर्धा पिस्तुलाचा ट्रिगर सुधारायचा म्हटलं, की बोलणं लगेच ग्रॅमवर येतं. कुणाचा कितीला सुटतो, कुणी कोणतं किट बसवलं, कुणी स्प्रिंग बदलली. वजन हा या प्रश्नाचा एक भाग आहे आणि मोजायला सोपा असल्यामुळे सगळं लक्ष तोच खातो. पण ट्रिगर चांगला ठरतो तो दर वेळी एकाच जागी, एकाच दाबाला आणि पिस्तूल न हलवता सुटतो म्हणून. हे साधलं असेल तर हजार ग्रॅमचा ट्रिगरही बोटाला हलका लागतो. साधलं नसेल तर सहाशे ग्रॅमचाही ऐन वेळी दगा देतो. इतकी वर्षं या विषयात जे जे उपाय केले गेले, ते सगळे या कसोटीवर लावून पाहायला हवेत.

आधी हिशेब पाहू. २५ मीटर पिस्तूल प्रकारात पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर नियमानुसार जास्तीत जास्त २२० मिलिमीटर. ट्रिगर दाबताना पुढची साइट मागच्या खाचेत अर्धा मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ५७ मिलिमीटर बाजूला जाते. प्रिसिजन लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर असतो आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ त्रिज्येने २५ मिलिमीटरने वाढतं. म्हणजे त्या अर्ध्या मिलिमीटरने दहाचे आठ झाले. उलट साइट नीट जुळलेली असताना सगळा हात पिस्तुलासकट दोन-चार मिलिमीटर तरंगला, तर गोळीही तेवढीच सरकते आणि दहातच राहते. हात डोलतो म्हणून नवे नेमबाज हैराण होतात, पण गुण खातं ते बोट.

आता जोराचा विचार करा. या प्रकारात पिस्तुलाचं वजन १४०० ग्रॅमच्या आत असावं लागतं आणि बरीच पिस्तुलं किलो-सव्वा किलोची असतात. कारखान्यातून आलेल्या साध्या .२२ पिस्तुलाचा ट्रिगर पुष्कळदा दोन किलोंच्या आसपास सुटतो. हातात तोललेल्या वस्तूवर तिच्या स्वतःच्या वजनाच्या दीडपट-दुप्पट जोर एका बोटाने लावायचा आणि ती हलू द्यायची नाही, असं हे काम आहे. शिवाय ट्रिगर सुटतो त्या क्षणी समोरचा विरोध एकदम नाहीसा होतो आणि बोट मागे धावतं. हॅमर सुटल्यापासून पिन काडतुसावर आदळेपर्यंत काही सहस्रांश सेकंद जातात. गोळी नळीत असते ती त्याहून कमी, साधारण एक सहस्रांश सेकंद. धावलेल्या बोटाने पिस्तूल ढकललं, तर ती ढकल गोळी बाहेर पडायच्या आतच लागलेली असते.

नियमांनी या प्रश्नाला चौकट घालून दिली आहे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या २५ मीटर पिस्तूल, स्टँडर्ड पिस्तूल आणि रॅपिड फायर प्रकारांत ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा असावा लागतो. १० मीटर एअर पिस्तुलाला ही मर्यादा ५०० ग्रॅम आहे. अमेरिकेतल्या बुल्सआय स्पर्धांत .२२ साठी किमान दोन पौंड, म्हणजे सुमारे ९०७ ग्रॅम. रॅपिड फायरमध्ये एके काळी .२२ शॉर्ट काडतूस आणि अगदी हलके ट्रिगर चालत. २००५ पासून तिथेही .२२ एलआर आणि हजार ग्रॅम आले. ५० मीटर फ्री पिस्तूल हा एकच प्रकार असा, की ज्याला ट्रिगरच्या वजनाचं बंधन नाही.

तपासणी कशी होते हे प्रत्येक नेमबाजाने एकदा जवळून पाहावं. रिकामं पिस्तूल कॉक करून नळी सरळ वर धरतात. हजार ग्रॅमचं वजन टेबलावर ठेवलेलं असतं, त्याचा आकडा ट्रिगरच्या मध्यावर अडकवतात आणि पिस्तूल हळूहळू वर उचलतात. वजन टेबलावरून सुटून अधांतरी लटकलं आणि हॅमर पडला नाही, तर पिस्तूल पास. उचलताना हात किंचित थरथरला, हिसका बसला, तर काठावरचा ट्रिगर सुटतो. तीन प्रयत्न मिळतात. सामन्यानंतरही अचानक तपासणी होऊ शकते आणि तिथे नापास झालं तर खेळाडू बाद होतो. म्हणून नेमका १००० ग्रॅमवर लावलेला ट्रिगर ही माझ्या मते फाजील हौस आहे. साचलेली घाण, सुकलेलं तेल, सैल पडत जाणारा स्क्रू यांनी दहा-वीस ग्रॅम सहज इकडेतिकडे होतात. १०३० ते १०५० च्या दरम्यान ठेवलेला ट्रिगर शांत झोप देतो, आणि तेवढ्या फरकाने कुणाचाही गुण गेलेला नाही.

आता आत काय चालतं ते पाहू, कारण सुधारणेचे सगळे मार्ग तिथूनच फुटतात. हॅमर मुख्य स्प्रिंगच्या जोरावर पुढे झेपावायला बघत असतो. त्याच्या अंगावर एक खाच असते आणि त्या खाचेत सिअर नावाच्या लहानशा पोलादी तुकड्याची धार अडकलेली असते, दाराच्या कडीसारखी. ट्रिगर दाबला की मधली पट्टी सिअरला ढकलते, धार खाचेवरून घसरत घसरत कडेला येते आणि हॅमर सुटतो. ही धार आणि खाच एकमेकींवर किती खोल बसल्या आहेत, त्यांचे पृष्ठभाग किती गुळगुळीत आहेत आणि ते कोणत्या कोनात भेटतात, यावर ट्रिगरचं सगळं चारित्र्य ठरतं. कोन असा असेल की सिअर सरकताना हॅमरला थोडं मागे रेटावं लागतं, तर ट्रिगर जड पण सुरक्षित. कोन उलटा असेल तर हॅमर स्वतःच सिअरला बाहेर ढकलायला बघतो. असा ट्रिगर सुखाचा लागतो, आणि तोच सगळ्यात धोकादायक.

बोटाला हे तीन टप्प्यांत कळतं. पहिला मोकळा प्रवास, त्यात फक्त ढिलाई निघते. मग धार खाचेवरून घासत जाते तो रखडणारा प्रवास, त्याला सगळे क्रीप म्हणतात. शेवटी सुटल्यानंतर ट्रिगर जितका मागे जातो तो ओव्हरट्रॅव्हल. यातला पहिला प्रवास फारसं नुकसान करत नाही. क्रीप मात्र खरा शत्रू. दाब वाढवताना ट्रिगर थोडा सरकतो, अडतो, पुन्हा सरकतो, आणि प्रत्येक अडणीला नेमबाजाला वाटतं की आता सुटणार. मेंदू आधीच तयारी करून बसतो आणि मनगट ताठरतं. ओव्हरट्रॅव्हलचा उपाय त्यामानाने सोपा आहे, ट्रिगरमागे एक स्टॉप स्क्रू पुरतो. पण तो फार घट्ट लावला आणि आत थोडी घाण साचली, की सिअर पूर्ण मोकळा होत नाही आणि पिस्तूल ऐन मालिकेत बंद पडतं.

रूगरचं उदाहरण इथे सगळ्यात बोलकं आहे, कारण या विषयावरची निम्मी कारागिरी त्याच पिस्तुलावर वाढली. विल्यम रूगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी १९४९ मध्ये एक स्वस्त, टिकाऊ .२२ पिस्तूल बाजारात आणलं. १९५१ मध्ये मार्क १, १९८२ मध्ये मार्क २, २००४ मध्ये मार्क ३ आणि २०१६ मध्ये मार्क ४ आलं. नळी अचूक, बांधणी मजबूत, किंमत आवाक्यातली. ट्रिगर मात्र रोजच्या वापराचा, जड आणि थोडा खरखरीत. त्यामुळे त्याच्याभोवती सुट्या भागांचा मोठा धंदा उभा राहिला. आयोवातल्या व्होल्क्वार्टसेनसारख्या कंपन्या तयार सिअर, हॅमर आणि समायोजनाचे स्क्रू असलेले ट्रिगर विकतात. घासून-पुसून केलेल्या कामापेक्षा हा मार्ग मला जास्त पटतो. भाग नेमक्या कोनात यंत्रावर कापलेले असतात आणि समाधान झालं नाही तर मूळ भाग परत बसवता येतात.

पण सुट्या भागांनाही त्यांची पथ्यं आहेत. समोरचा स्क्रू फिरवून मोकळा प्रवास अगदीच काढून टाकला, तर पहिल्या गोळीनंतर ट्रिगर पूर्ण पुढे येत नाही, मधली पट्टी परत सिअरमागे बसत नाही आणि दुसरी गोळी सुटत नाही. मार्क ३ पासून आलेली मॅगझिन डिस्कनेक्टची सोय, म्हणजे मॅगझिन बाहेर असताना पिस्तूल चालू नये ही व्यवस्था, अनेक जण ट्रिगर मऊ व्हावा म्हणून काढून टाकतात. क्लबच्या सामाईक पिस्तुलात ती काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे दर तासाला हात बदलतात आणि शिकाऊ मुलं असतात. सेफ्टीशी संबंधित भाग किती नाजूक असतात हे खुद्द कंपनीलाही कळलं. सेफ्टीचा खटका अर्धवट ठेवून ट्रिगर दाबला गेला, तर नंतर खटका पुढे सरकवताना गोळी सुटू शकते असं लक्षात आल्यावर २०१७ मध्ये सुरुवातीची मार्क ४ पिस्तुलं दुरुस्तीसाठी परत मागवावी लागली. कारखान्यात तपासून निघालेल्या पिस्तुलाची ही गोष्ट आहे. घरच्या टेबलावर काय होऊ शकतं, याचा विचार वाचकानेच करावा.

स्प्रिंग हलकी करणं हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात फसवा उपाय. मुख्य स्प्रिंग मऊ केली की खाचेवरचा दाब घटतो आणि ट्रिगर लगेच हलका होतो. पण रिमफायर काडतुसाचा पेट घेणारा मसाला बुडाच्या मध्यात नसतो, तो कडेच्या पोकळ घडीत पसरलेला असतो. पिनने ती कड नळीच्या मागच्या कडेवर चेपली तरच तो पेटतो, आणि त्याला जोरदार टोला लागतो. टोला मंदावला की काही काडतुसं पेटत नाहीत, काही उशिरा किंवा असमान पेटतात, आणि लक्ष्यावर वर-खाली पसरलेल्या गोळ्यांचं कारण मग कुणाला सापडत नाही. दोनशे ग्रॅम वाचवायचे आणि साठ गोळ्यांच्या सामन्यात दोन मिसफायर घ्यायचे, हा घाट्याचा सौदा आहे. सिअरची स्प्रिंग मऊ करणं त्याहून वाईट. स्लाइड किंवा बोल्ट पुढे आदळतो त्या धक्क्यात सिअरला खाच पकडून राहायची असते. ती पकड सुटली तर हॅमर बोल्टच्या मागोमाग येतो, आणि एका दाबात दोन गोळ्याही जाऊ शकतात.

फ्री पिस्तुलांचे ट्रिगर अगदी थोड्या ग्रॅमवर सुटत असत, मग इतर पिस्तुलांचे का नाहीत, याचं उत्तर याच धक्क्यात आहे. रशियातल्या तुला शहराच्या कारखान्यात बनलेलं आणि येफिम खायदुरोव यांनी घडवलेलं तोझ-३५ हे एका वेळी एकच गोळी घेणारं पिस्तूल. त्यात आदळणारी स्लाइड नाही आणि सेट ट्रिगर वेगळ्या खटक्याने तयार करायचा. नेमबाज नेम धरून निवांत एक गोळी सोडतो. तिथे बोटाचा नुसता स्पर्श पुरे. जितू रायने २०१४ च्या आशियाई खेळांत याच ५० मीटर प्रकारात सुवर्ण घेतलं. २०१६ नंतर हा प्रकार ऑलिम्पिकमधून गेला आणि त्याच्यासोबत अतिहलक्या ट्रिगरची एक देखणी कला मागे पडली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण ती कला सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलावर लादता येत नाही.

युरोपातल्या कारखान्यांनी प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला. इटलीतलं पार्डिनी एसपी, १९६८ पासूनचं वॉल्थर जीएसपी, फाइनवेर्कबाऊचं एडब्ल्यू ९३ ही पिस्तुलं ट्रिगर समायोजनाचा विचार करूनच घडवली गेली. त्यांचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. एकूण वजनातला मोठा वाटा पहिल्या टप्प्यात घ्यायचा. बोट मागे येतं आणि एका ठाम भिंतीला टेकतं. त्यापुढे उरलेला थोडासा दाब वाढवला की ट्रिगर सुटतो. हजार ग्रॅमचा नियम पाळूनही निर्णायक क्षणी बोटावर अडीच-तीनशे ग्रॅमचंच काम उरतं.

याचा खरा फायदा २५ मीटरच्या रॅपिड टप्प्यात दिसतो. हात ४५ अंश खाली. लक्ष्य सात सेकंद बंद, मग तीन सेकंद खुलं. एवढ्यात हात उचलायचा, साइट जुळवायची आणि एकच गोळी सोडायची. चांगला नेमबाज हात वर येत असतानाच पहिला टप्पा संपवतो. पिस्तूल लक्ष्यावर स्थिरावतं तेव्हा बोट भिंतीला टेकलेलं असतं आणि उरलेल्या दीडेक सेकंदात फक्त शेवटचा दाब वाढवायचा असतो. एकाच टप्प्याच्या जड ट्रिगरवर हेच करायला गेलं की हिसका बसतो, आणि गोळी खाली डावीकडे जाते (उजव्या हाताच्या नेमबाजाची). कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ मध्ये पालेमबांगला याच प्रकारात आशियाई सुवर्ण जिंकलं. अंतिम फेरीत बरोबरी झाली आणि निकाल दोन शूट-ऑफनंतर लागला. त्या दडपणाखाली ठराविक सेकंदांत पुन्हा पुन्हा तोच दाब देता येणं, हे कौशल्य आधी बोटाचं, आणि मग त्याला न फसवणाऱ्या ट्रिगरचं.

सगळ्यांनाच ठाम भिंत आवडते असं नाही. काही अनुभवी नेमबाज रोल ट्रिगर पसंत करतात. त्यात शेवटचा दाब एका छोट्या, लोण्यासारख्या प्रवासात जातो आणि नेमका कधी सुटेल ते कळत नाही. ट्रिगर ओरबाडण्याची सवय असलेल्याला हा प्रकार बरा पडतो. क्रीपमध्ये आणि यात फरक इतकाच, की हा प्रवास सलग असतो, कुठेही अडत नाही. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर हा आणखी पुढचा टप्पा. मोरिनीने फ्री पिस्तुलात तो यशस्वी केला. सिअरची घासाघीस संपते, पण बॅटरी आणि सर्किट सांभाळावं लागतं. रेंजवर ते दुरुस्त करणारा माणूस नसेल, तर मी यांत्रिक ट्रिगरच घेण्याचा सल्ला देईन.

सिअर आणि खाच दगडावर घासून गुळगुळीत करण्याबद्दल उत्साही लोक फार बोलतात. कुशल कारागिराच्या हातून पृष्ठभाग चकचकीत होतात आणि क्रीप जातो, हे खरं. पण या भागांचा टणकपणा पुष्कळदा वरच्या पातळ थरापुरताच असतो. तो थर घासला गेला की आतलं मऊ पोलाद उघडं पडतं. ट्रिगर काही आठवडे स्वप्नवत चालतो आणि मग धार झिजून एके दिवशी हॅमर अडकतच नाही. आपल्याकडे यात कायद्याचाही प्रश्न आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती करता येत नाही. त्यामुळे आतल्या भागांचं काम परवानाधारक कारागिराकडे किंवा कंपनीच्या अधिकृत तंत्रज्ञाकडेच द्यावं. कामानंतर कॉक केलेलं रिकामं पिस्तूल धक्क्याला टिकतं का, हे त्याने तुमच्यासमोर तपासून दाखवावं.

ज्यांना परवाना लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत, असे उपाय मात्र दुर्लक्षित राहतात. पहिला स्वच्छतेचा. .२२ ची काडतुसं मेणाची, शिशाची आणि अर्धवट जळलेल्या दारूची काजळी मागे सोडतात. ती तेलात मिसळून सिअरच्या खणात चिकट लापशी होते. खरखरीत ट्रिगर म्हणून आणलेली कितीतरी पिस्तुलं नीट धुऊन, नेमक्या जागी थेंबभर तेल दिल्यावर सुधारतात. तेल जास्त झालं तर काजळी आणखी साचते. दुसरा उपाय मुठीचा. लाकडी ग्रिप हाताला बसत नसेल, तर बोट ट्रिगरपर्यंत तिरकं पोहोचतं आणि दाब बाजूला जातो. ट्रिगर पुढे-मागे सरकवण्याची सोय असेल तर बोटाच्या पहिल्या पेराचा मऊ भाग सरळ मागे दाबेल अशी जागा शोधावी. अर्ध्या तासाच्या या कामाने दोनशे ग्रॅम कमी केल्याइतका फरक पडतो.

तिसरा उपाय सरावाचा. ड्राय फायरिंग, म्हणजे रिकाम्या पिस्तुलावर ट्रिगरचा सराव, रिमफायरमध्ये सांभाळून करावा लागतो. काडतूस नसेल तर पिन थेट नळीच्या कडेवर आदळून तिथे खळगा पाडू शकते. रूगरमध्ये पिनला अडवणारा एक छोटा स्टॉप असतो, त्यामुळे तो जागेवर असेल तर चालतं. काही स्पर्धा पिस्तुलांत यासाठी वेगळी सोय असते. नसेल तर भिंतीत स्क्रू बसवायला वापरतात तसा योग्य मापाचा प्लास्टिकचा प्लग चेंबरमध्ये घालण्याची जुनी युक्ती चालते. प्रशिक्षकांची आणखी एक पद्धत फार प्रामाणिक आहे. मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत नेमबाजाला न सांगता डमी मिसळायची. डमी आली आणि पिस्तुलाचं तोंड खाली झुकलं, तर दोष बोटाचा. न झुकता जागेवर राहिलं आणि तरी गोळ्या पसरत असतील, तर मग ट्रिगरकडे बघायचं.

आपल्याकडची अडचण अशी, की स्पर्धेची पिस्तुलं परदेशातून येतात, सुटे भाग महाग पडतात आणि ट्रिगर जाणणारे कारागीर थोडे आहेत. वरळी किंवा बालेवाडीसारख्या मोठ्या रेंजवर सोय होते. जिल्ह्याच्या रेंजवर मुलं दुसऱ्याच्या पिस्तुलावर, दुसऱ्याने कधीतरी लावलेल्या ट्रिगरवर शिकतात आणि आपला ट्रिगर किती ग्रॅमचा आहे हे त्यांना थेट स्पर्धेच्या तपासणी टेबलावर कळतं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हा संघटनेने आपल्या रेंजवर हजार ग्रॅमचं एक प्रमाणित वजन कायम ठेवावं, शिकाऊ मुलांना ते वर्षभर वापरू द्यावं, आणि वर्षातून एकदा परवानाधारक तंत्रज्ञ बोलावून क्लबच्या सगळ्या पिस्तुलांचे ट्रिगर तपासून घ्यावेत. नव्या किटचा खर्च त्यानंतरच करावा.